बेताच्या उंचीची शहरं

मी लिफ्टची मेकॅनिक आहे. सांगलीच्या कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकले, पुण्यात बारा वर्षं काम केलं आणि मग न्यूझीलंडला, ऑकलंडला आले. वर्कशॉप तिथल्या ईस्ट टामाकी भागात होतं आणि मी पापाटोएटोला भाड्याच्या घरात राहायचे. दर दोन महिन्यांनी माझी दक्षिणेची फेरी असायची. क्राइस्टचर्चला पाच दिवस, डनीडनला दोन, इन्व्हरकार्गिलला दीड. देखभालीच्या लिफ्ट जितक्या, तितके दिवस. शहर केवढं आहे ते लोक लोकसंख्येवरून सांगतात, मला ते मुक्कामांवरून कळायचं.

दुसरी एक खूण होती. उंच इमारतीत लिफ्टचं यंत्र वर गच्चीवर असतं. तीन-चार मजल्यांच्या इमारतीत ती बहुतेक वेळा तेलाच्या दाबावर चालते आणि यंत्र तळाशी, जिन्याखालच्या खोलीत असतं. त्यामुळे ऑकलंडमध्ये मी दिवसभर गच्च्यांवर असायचे, आणि जसजशी दक्षिणेला जाईन तसतशी खाली उतरत जायचे. इन्व्हरकार्गिलमध्ये तर गच्चीवर जायचे प्रसंग मोजकेच. गेलेच तर सगळं शहर एका नजरेत संपायचं. त्यापलीकडे हिरवी सपाटी, आणि तिच्यावर येऊन टेकलेलं आभाळ.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी अण्णा माझ्याकडे आले, सहा महिन्यांसाठी. माझे वडील. त्यांची सारी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. सुरुवात ओव्हरसियर म्हणून झाली आणि निवृत्त होताना ते डेप्युटी इंजिनिअर होते. सांगली, मिरज, इचलकरंजी, सोलापूर, पुन्हा सांगली. मी एकुलती एक. लग्न केलं नाही. का केलं नाही हे अण्णांनी कधी विचारलं नाही, आणि आईनं विचारायचं थांबवलं नाही. आता आई नव्हती, त्यामुळे आम्हा दोघांत बोलायला फारसं काही उरलं नव्हतं.

मी सकाळी साडेसहाला निघायचे. अण्णा दार लावून घ्यायचे. अकराच्या सुमाराला ते चालत पापाटोएटोच्या भारतीय दुकानांपर्यंत जायचे, कोथिंबिरीची जुडी किंवा कढीपत्ता घ्यायचे आणि परत यायचे. फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या चार-चार जुड्या साठायच्या. एकदा मी म्हटलं, "अण्णा, इतकी लागत नाही आपल्याला."

"दुकानात गेल्यावर काहीतरी घ्यावं लागतं," ते म्हणाले. "नुसतं कसं उभं राहायचं?"

 संध्याकाळी परत आले की ते पुढच्या खोलीत खुर्ची खिडकीकडे करून बसलेले असायचे. रस्त्यावर माणूस दिसायचा नाही, गाड्या जायच्या. "आज नऊ माणसं गेली चालत," असं ते एखाद्या दिवशी सांगायचे. त्यात तक्रार नसायची. पण मला ते ऐकवत नसे.

मार्चच्या फेरीला मी त्यांना सोबत न्यायचं ठरवलं. क्राइस्टचर्चला कंपनीची व्हॅन असायची. तिच्यात घरच्या माणसाला बसवू का, असं मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे खुशाल. अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कितीची गावं आहेत?"

मी अंदाजानं सांगितलं. क्राइस्टचर्च चार लाखांच्या आसपास. डनीडन लाख-सव्वा लाख. इन्व्हरकार्गिल पन्नास हजारांच्या थोडं वर.

"म्हणजे सांगली-मिरजेतनं सुरू करायचं आणि इस्लामपुरावर संपवायचं," ते म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी बॅग स्वतः भरली.

क्राइस्टचर्चला मी कामावर असताना ते मॉटेलवरून चालत शहराच्या मध्यभागी जायचे. संध्याकाळी मी त्यांना लायब्ररीच्या दारातून घ्यायचे. तिसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये बसल्यावर ते म्हणाले, "नदी आहे, जमीन सपाट आहे, सगळे सायकली चालवतात. आपल्यासारखंच आहे. पण इमारतींच्या मध्ये हे मोकळे प्लॉट कसले? जिथं तिथं पार्किंग."

मी भूकंपाचं सांगितलं. उंच इमारती होत्या, त्यातल्या कितीतरी पडल्या किंवा पाडाव्या लागल्या. नव्या बांधल्या त्या बहुतेक बुटक्याच. माझ्याकडच्या लिफ्टसुद्धा जवळजवळ सगळ्या नव्या होत्या.

त्यांनी तसल्याच एका प्लॉटकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "पुराचं पाणी उतरलं की भिंतीवर रेघ राहते. इथं रेघ राहिली नाही, जागाच राहिली." आणि थोड्या वेळानं, "तुझी आई असती तर तिला बघवलं नसतं हे."

त्या दिवशी त्यांनी आईचा विषय पहिल्यांदा काढला. मी सिग्नलला थांबले होते. सिग्नल सुटला, आणि मी गाडी पुढे काढली.

डनीडनला जाताना वाटेत पाच तास लागले. तिथे पोहोचलो तर अण्णांना गाव एकदम आवडलं. तीन बाजूंनी डोंगर, खाली समुद्राची लांब खाडी, मधूनमधून चर्चचे दगडी सुळके. त्यांच्यामानाने कुठलीच नवी इमारत उंच वाटत नव्हती. मॉटेलच्या दारातून त्यांनी एकेक टेकडी निरखली.

"या गावाला टाकी उभी करायची गरजच नाही," ते म्हणाले. "डोंगरावर पाणी साठवायचं, आपोआप खाली येतं. इथला इंजिनिअर सुखी असणार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक चढ चढायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यातून परत आले. विद्यार्थ्यांचे घोळके, मोठं हॉस्पिटल, पांढरे कोट घातलेली मुलं हे सगळं त्यांनी बघून घेतलं होतं. "मिरज आहे ही," त्यांनी निकाल दिला. "डॉक्टरांचं गाव. फक्त चढ जास्त."

मला हसू आलं. आम्ही त्या रात्री मॉटेलच्या छोट्या स्वयंपाकघरात खिचडी केली. अण्णांनी कांदा चिरला. आयुष्यात त्यांना कांदा चिरताना मी पहिल्यांदा बघत होते. आई गेल्यावर शिकले असणार. कोणी शिकवलं, कधी शिकले, हे मला ठाऊक नव्हतं. आई गेल्यानंतरची ती वर्षभराची सांगली मला फोनवर दहा-दहा मिनिटांचीच कळली होती.

इन्व्हरकार्गिलला पोहोचलो तेव्हा वारा सुटला होता. रस्ते एवढे रुंद की समोरच्या फुटपाथवरचा माणूस लांब वाटावा. दुकानं एकमजली, दुमजली. अण्णांनी खिडकीची काच खाली केली, लगेच वर केली.

"हे कशासारखं वाटतं?" मी विचारलं.

"कशासारखंच नाही," ते म्हणाले.

दीड दिवसाचं काम आटोपून मी त्यांना पाण्याचा टॉवर बघायला घेऊन गेले. गावातली ती जुनी, नावाजलेली वास्तू, सव्वाशे वर्षांच्या वरची. लाल विटांची, कमानींची आणि वर पांढरा घुमट. सपाट गावात ती कुठूनही दिसते. मी कितीतरी वेळा शेजारून गेले होते, पण ही पाण्याची टाकी आहे हे अण्णांना सांगावं असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

ते व्हॅनमधून उतरले आणि काही न बोलता तिच्याभोवती एक चक्कर मारून आले. मग दुसरी. आत जायचं दार बंद होतं. त्यांनी विटांच्या सांध्यांवरून बोट फिरवलं.

"आम्ही टाकी बांधली की काँक्रीटचे खांब आणि वर डबा," ते म्हणाले. "फार तर निळा पट्टा. आणि या लोकांनी पाण्याला एवढं देऊळ बांधलं."

टॉवरपाशी गवतावर एक बाक होता. आम्ही तिथे बसलो. वाऱ्यानं माझे केस तोंडावर येत होते, आणि अण्णा बोलत होते. गावात नवं कुणी आलं की गाव कुठून बघावं, याचं त्यांचं एक मत होतं: टाकीवरून. प्रत्येक बदलीच्या गावी पहिल्या आठवड्यात ते टाकीवर चढायचे. सोलापूर वरून पाहिलं तर गिरण्यांच्या चिमण्याच चिमण्या. इचलकरंजी पत्र्यांच्या छपरांची, वर उभं राहिलं तरी मागांचा आवाज ऐकू येणारी. सांगली झाडांत बुडालेली, पुलाच्या कमानी तेवढ्या वर.

"एकदा तुझी आई आली होती वर," ते म्हणाले. "लग्नाला वर्ष झालं नव्हतं. मलाही बघायचंय म्हणाली. अर्ध्यापर्यंत आली आणि खाली बघितलं. मग वरही जाईना आणि खालीही. मधल्या टप्प्यावर बसून राहिली. मी खाली जाऊन भडंग घेऊन आलो. एक तास आम्ही तिथं भडंग खात बसलो होतो. भीती गेल्यावर उतरली."

"आईनं कधी सांगितलं नाही."

"सांगायची नाही. घाबरली होती ना."

ते हसले, आणि मी त्यांना हसताना बघून विचारलं, "आवडलं का हे गाव?"

"आवडलं," ते म्हणाले. "बेताचं आहे. गाव असं डोळ्यांत मावेल एवढं असावं."

त्या वाक्यावर मी पुढचं सगळं उभं केलं.

मे महिन्यात अण्णा सांगलीला परत गेले. विमानतळावर त्यांनी माझ्या हातात घराची किल्ली ठेवली आणि म्हणाले, "फ्रिजमध्ये कोथिंबीर आहे, वाळू देऊ नकोस." घरी येऊन मी पुढच्या खोलीतली खुर्ची परत भिंतीला लावली. पापाटोएटोला मराठी घरं कमी नव्हती. गणपती असायचा, दिवाळीला फराळ असायचा, कुणाचे तरी आईवडील कायम आलेले असायचे. मी जायचे. बायका विचारायच्या, "अण्णा परत कधी येणार?" मी म्हणायचे, "बघू." परत येताना डेअरीत थांबून दूध घ्यायचे आणि घरी जाऊन टीव्ही लावायचे, आवाजासाठी.

ऑगस्टमध्ये, दक्षिणेला राहून रोजची दुरुस्ती बघणारा मेकॅनिक निवृत्त होतोय असं कळलं. इन्व्हरकार्गिलला राहायचं, डनीडनपर्यंतचं काम बघायचं. वर्कशॉपमध्ये कुणालाच ती जागा नको होती. मी हात वर केला. मॅनेजरला वाटलं मी चेष्टा करतेय. "तिथे थंडी असते," तो म्हणाला. "आणि वारा. आणि बाकी काही नाही."

अण्णांना मी सांगितलं नाही. आधी घर बघितलं. दोन बेडरूम, घर गरम ठेवणारा हीट पंप, मागे गवत, टॉवरपासून चालत वीस मिनिटं. ऊन येणारी खोली त्यांच्यासाठी ठेवली. पलंग घेतला, पाय टेकतील असा कमी उंचीचा. त्यांच्यासाठी जाड पांघरूण घेतलं, गरम पाण्याची पिशवी घेतली. सगळं लागल्यावर एका रविवारी व्हिडिओ कॉल करून फोन घरभर फिरवला.

"हे कुणाचं घर?" अण्णांनी विचारलं.

"माझं. बदली झाली. इन्व्हरकार्गिलला." बदली झाली असंच म्हटलं मी. "ही खोली तुमची. इथल्या उन्हाळ्यात या, डिसेंबरात. व्हिसाचं मी बघते."

 स्क्रीनवर त्यांचं कपाळ आणि वरचा पंखा दिसत होता.

"खोली चांगली आहे," ते म्हणाले. "बघू. थंडी कमी होऊ दे."

थंडी कमी झाली. मग ते म्हणाले, गुडघा दुखतोय. मग सोसायटीची सभा आली, मग कुणाचं तरी लग्न. मी प्रत्येक वेळी पटल्यासारखं करत होते. दरम्यान एक हिवाळा गेला. साडेआठपर्यंत उजाडत नसे आणि पाचला अंधार. मी कामावरून यायचे, हीट पंप लावायचे, आणि अण्णांच्या खोलीचं दार उघडं ठेवायचे, तिथेही ऊब जावी म्हणून. कुणीच राहत नव्हतं त्या खोलीत, तरी दार बंद करवत नव्हतं.

गावात माणसं चांगली होती. इमारतींचे केअरटेकर नावानं हाक मारायचे, माओरीत "किया ओरा" म्हणून नमस्कार करायचे, हवेबद्दल बोलायचे. एका ऑफिसात तर रिसेप्शनवरची बाई माझ्यासाठी चीज रोल ठेवायची. पण शुक्रवारी दुपारी शेवटच्या इमारतीचं दार मागे लागलं की सोमवारी सकाळपर्यंत शब्द माझ्या तोंडून निघायचा तो फोनवर, अण्णांशी, दहा मिनिटं. कधीकधी शनिवारी मी मोठ्यानं काहीतरी म्हणायचे, आवाज बसला नाही ना हे बघायला. "चहा टाकते," असं काहीतरी.

पुढच्या जानेवारीत मी सुट्टी काढून सांगलीला गेले. अण्णांना घेऊनच यायचं असं ठरवून गेले होते. व्हिसाचे कागद बॅगेत होते.

पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता ते शर्ट घालून तयार. "चल, येतेस का?" म्हणाले. विश्रामबागेत चौकाच्या अलीकडे एक बंद दुकान आहे, त्याच्या पायरीवर पाच म्हातारे बसले होते. अण्णा दिसताच त्यांनी सरकून जागा केली. एकानं हातातला कागद पुढे केला: नळजोडणीच्या अर्जावर काय लिहायचं? अण्णांनी खिशातून पेन काढलं. रस्त्यानं जाणारी एक बाई सायकल थांबवून म्हणाली, "साहेब, काल पाणी कमी दाबानं आलं बघा." अण्णा म्हणाले, "व्हॉल्व्ह बदलतायत, आज येईल." चहा आला. कुणीतरी माझ्या हातातही कप दिला.

"ही माझी मुलगी," अण्णा म्हणाले. "दक्षिण ध्रुवाच्या अलीकडचं शेवटचं मोठं गाव आहे, तिथं असते. तिथल्या सगळ्या लिफ्ट हिच्या हातात."

"गाव केवढं आहे हो?" एकानं मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत अण्णाच बोलू लागले. रस्ते किती रुंद, टॉवर किती उंच, घुमट कसा, विटांचे सांधे कसे. बाकीचे माना डोलवत होते; त्यांनी हे आधी ऐकलेलं होतं हे दिसत होतं. एक म्हणाला, "पण तुम्ही दोनदाच चक्कर मारली ना त्याला?" सगळे हसले. मीही हसले. चहा गरम होता. आणि मला कळत होतं की मी ज्या माणसासाठी खोली उबदार ठेवत होते तो इथे नव्हता. इथे जो बसला होता त्याची सकाळ भरलेली होती.

कागद मी बॅगेतून काढलेच नाहीत. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. सोसायटी पाच मजल्यांची, पण आता आजूबाजूला दहा-बारा मजल्यांचे टॉवर उभे राहिले आहेत. नदी दिसत नाही, पुलाच्या कमानीही नाहीत. अण्णांनी मला कुठली टाकी त्यांच्या वेळची ते दाखवलं. ती दोन इमारतींच्या मधून जेमतेम दिसत होती.

मग त्यांनी विचारलं, "तू माझ्यासाठी गेलीस ना तिकडं?"

"बदली झाली अण्णा."

"बदली कशी होते ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी चार केल्यात."

मी कठड्याला हात लावून उभी राहिले.

"मला गाव आवडलं म्हटलं होतं, ते खरंच आवडलं होतं," ते म्हणाले. "पण राहायला नव्हे गं. तुझ्या त्या घरात मी खुर्चीत बसून माणसं मोजली असती, आणि तू मला बघून बघून झुरली असतीस. ऑकलंडला झालं तेच. मी सांगायला हवं होतं तुला. आणि तू आधी सांगितलं असतंस तर जाऊ नको म्हणालो असतो."

"तरी गेले असते कदाचित," मी म्हणाले. हे खरं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

"आता काय करणार? परत जाणार ऑकलंडला?"

"नाही. काम बरं आहे तिथलं."

"मग ती खोली दे कुणाला तरी," ते म्हणाले. "रिकामी ठेवू नको."

परत आल्यावर महिनाभर मी काही केलं नाही. मग कम्युनिटी सेंटरच्या फळ्यावर एक चिठ्ठी लावली. तीन फोन आले. तिसरा फोन एका पन्नाशीच्या बाईचा होता. ती गोअर गावाच्या पुढे शेतावर राहायची, हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती, आणि रोज जाऊन-येऊन गाडी चालवण्याचा तिला कंटाळा आला होता. तिला सोमवार ते गुरुवारच खोली हवी होती. ती घर बघायला आली तेव्हा पलंगावर बसून म्हणाली, उंची अगदी बरोबर आहे, तिचेही गुडघे दुखतात.

ती फारशी बोलत नाही. सकाळी सहाला जाते, दुपारी येऊन झोपते. संध्याकाळी ती बटाटे उकडते, मी भाजी करते. कधी ती माझी भाजी खाते, तिखट लागलं की दूध पिते आणि परत घेते. तिचा नवरा रोज सातला फोन करतो आणि दोघं मेंढ्यांबद्दल बोलतात. मी बाहेरच्या खोलीत असते, मला अर्धवट ऐकू येतं.

गुरुवारी संध्याकाळी ती पांघरूण नीट घडी करून ठेवते, गमबूट गाडीत टाकते आणि जाते. तिची गाडी वळणापर्यंत दिसते, कारण रस्ता सरळ आहे आणि मध्ये काही नाही. मग मी आत येते. भांडी दोघींची असतात, मी घासायला घेते.